साठीपुढच्या माणसासमोर बसायला विद्यार्थ्याला कोण शिकवणार?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली;
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक;
आणि राज्यातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र अभ्यास मंडळांचे सर्व सदस्य

विषय : चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमांत वृद्धांसोबतच्या कामाचे सक्तीचे प्रशिक्षण आणि त्यासाठी लागणारे मराठीतील संशोधन

महोदय / महोदया,

मी गेली सव्वीस वर्षे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. त्यातली तेरा वर्षे पोस्टिंगवर, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकायला, येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षणही माझ्याकडे आहे. हे पत्र आत्ताच लिहिण्याचे कारण असे, की राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. ही पदवी बंद केली आणि आपल्या विषयाला विद्यापीठ अनुदान आयोगाने दिलेली सवलतही २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतच होती. जुनी चौकट जाऊन तिच्या जागी नवे अभ्यासक्रम बसवले जात आहेत. अशी मोडतोड पंचवीस-तीस वर्षांतून एकदा होते, आणि एकदा का पोस्टिंगचे वेळापत्रक छापले गेले, की पुढे त्यात एक आठवडा घुसवायलाही किती बैठका लागतात हे आपण सर्वजण जाणता.

मागच्या श्रावणात एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर एका आजींची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. आजी सत्तरीच्या पुढच्या, शाळेत कधीही न गेलेल्या. ‘आज तारीख काय?’ या प्रश्नाला त्या म्हणाल्या, ‘नागपंचमी होऊन तीन दिवस झाले की.’ विद्यार्थिनीने शून्य दिले. तिथी अचूक होती, पण उत्तरपत्रिकेत तिथीला रकाना नव्हता. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर आजींनी ‘कशातनं सात?’ असे विचारले आणि गप्प बसल्या. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायला सांगितले तेव्हा त्यांनी पेन्सिल विळ्याच्या मुठीसारखी धरली, कागदावर एक रेघ ओढली आणि लाजून पदर तोंडाला लावला. तीसपैकी चौदा गुण पडले. अहवालात ‘मध्यम स्वरूपाचा संज्ञानात्मक ऱ्हास’ असे लिहून झाले होते, सही तेवढी माझी राहिली होती.

मी आजींना डेअरीबद्दल विचारले. त्यांनी सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध, कोणत्या दिवशी फॅट कमी लागली, कोणत्या दिवशी म्हशीने पान्हा चोरला, असे सगळे सांगत दहा दिवसांचे बिल तोंडी जुळवून दाखवले आणि सेंटरवाल्याने कापलेले चाळीस रुपयेही लक्षात आणून दिले. मग सांगता सांगता त्या थांबल्या. ज्येष्ठात मालक गेले होते. तेव्हापासून त्यांना पहाटे तीनला जाग येत होती, अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवावेसे वाटत होते आणि दूध घालायला सुद्धा सूनच जात होती. आजींना डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या आजारातून येणारा स्मृतिभ्रंश, नव्हता. त्यांना दुःख होते, आणि त्या दुःखाने आता नैराश्याचे रूप घेतले होते, ज्यावर उपचार करता येतात. सही झाली असती, तर घरच्यांनी ‘म्हातारपण, दुसरं काय’ म्हणून तो कागद ट्रंकेत ठेवून दिला असता.

यात विद्यार्थिनीचा दोष मी धरत नाही. ती हुशार आहे, वर्गात पहिली येते. आत्ममग्न मुलाची चाचणी कशी घ्यावी, ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, तरुणासोबत एक्स्पोजरचे, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरे जाण्याचे, टप्पे कसे आखावेत, हे तिला उत्तम येते, कारण ते तिच्याकडून करून घेतले गेले आहे. साठीपुढच्या एका माणसाबरोबर पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत, कोणाच्या तरी नजरेखाली उपचार करणे मात्र तिच्या प्रशिक्षणात कुठेच नव्हते. किती केस हिस्टऱ्या, किती चाचण्या, किती तास थेरपी याचे किमान आकडे ठरलेले असतात. त्यांतली किती माणसे साठीपुढची असावीत, याची सक्ती मी माझ्या विद्यार्थ्यांच्या एकाही लॉगबुकात पाहिलेली नाही. वृद्धत्व हा विषय एखाद्या पेपरातील एका घटकात येतो, परीक्षेला त्यावर टीप विचारली जाते आणि तिथेच तो संपतो.

आता त्याच आजींच्या विरुद्ध टोकाचा माणूस पाहा. एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले, ते तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवून हसतमुखाने परत गेले. त्यांच्या पत्नी दारापर्यंत जाऊन वळल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, या महिन्यात ह्यांनी लाइटबिल तीनदा भरलं.’ आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाला ती चाचणी फारच सोपी होती. त्यांचा आजार तिच्या जाळीतून सुटून गेला. एकीला नसलेला आजार चिकटतो, दुसऱ्याचा असलेला दिसत नाही, आणि दोन्हीकडे कारण एकच आहे. आपल्याकडे मराठी भाषकांसाठी वय, शिक्षण आणि ग्रामीण-शहरी वास्तव्य यांनुसार तपासलेली, सर्वांच्या हाती पडतील अशी प्रमाणके, म्हणजे कोणाला किती गुण सामान्य मानायचे याचे आकडे, नाहीत. भाषांतरे आहेत, पण भाषांतर म्हणजे प्रमाणीकरण नव्हे, हे आपल्याच पाठ्यपुस्तकांत पहिल्या वर्षाला शिकवले जाते.

हे काम अशक्य असते, तर मी ते मागितले नसते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिथल्या संशोधकांनी नुसते शब्द बदलले नाहीत. वाक्य लिहून दाखवण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायला सांगितले, ‘डोळे मिटा’ हे वाचून करण्याऐवजी पाहून करायला लावले. त्याला आता तीस वर्षे झाली. अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, भारतीय भाषांसाठी स्मरण व विचारशक्तीच्या चाचण्यांचा संच तयार करवून घेतला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा होत्या. मराठी त्यांत नव्हती. यात मराठीवर अन्याय झाला असा गळा मला काढायचा नाही. ज्या ठिकाणी तयार संशोधक आणि मेमरी क्लिनिक होते त्या ठिकाणच्या भाषा आधी घेतल्या गेल्या, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि तो आपल्यासाठी पुरेसा झोंबणारा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढची माणसे १ कोटी ११ लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती. देशाचे प्रमाण ८.६ टक्के होते. त्याच जनगणनेत देशातील वृद्ध स्त्रियांमध्ये साक्षर केवळ २८ टक्के होत्या. म्हणजे पेन्सिल विळ्यासारखी धरणाऱ्या आजी हा अपवाद नसून त्याच बहुसंख्य आहेत. आपल्या गोवंडीच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांत नैराश्याची ठळक लक्षणे आढळली, आणि नैराश्याचे निदान झाल्याचे सांगणारे निघाले अवघे ०.८ टक्के. दहापट अंतर! याच पाहणीला जोडलेल्या एका उपअभ्यासातून देशात डिमेन्शियाचे प्रमाण साठीपुढे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. आकडे आणखीही देता येतील, पण मुद्दा त्या दहापट अंतरात आहे. ते अंतर बुजवणारा माणूस आपल्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडायला हवा आणि तो पडत नाही.

वृद्ध माणसाचे नैराश्य ‘मला उदास वाटते’ असे म्हणत येत नाही. ते ‘अंगात कळ मारते’, ‘डोके बधिर झाले’, ‘पोट साफ होत नाही’ असे म्हणत येते आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या रात्री माणूस अचानक भलतेच बोलू लागला, तर ते वेड नव्हे, डिमेन्शियाही नव्हे, तर शरीरातील बिघाडामुळे मेंदूवर आलेले तात्पुरते सावट असू शकते, आणि त्यासाठी तातडीने फिजिशियनला बोलवावे लागते. सर्दीची साधी गोळी, झोपेची अल्प्राझोलाम किंवा मूत्राशयासाठी दिलेले औषध यांनीही म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून थेरपी सुरू करण्यापूर्वी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून पाहायची, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते. ते मला कोणत्याही अभ्यासक्रमाने सांगितले नव्हते, एका अनुभवी नर्सबाईंनी सांगितले होते.

आणि किती बारीकसारीक गोष्टी असतात! माणसाला कोणत्या कानाने ऐकू येते ते विचारून त्या बाजूला बसणे. ओरडण्याऐवजी आवाज खाली आणून सावकाश बोलणे, कारण वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात. गृहपाठाचा कागद मोठ्या अक्षरांत असणे. भेटी दुपारी जेवणानंतर न ठेवणे. एक निवृत्त एसटी कंडक्टर झोपेच्या तक्रारीसाठी आले होते; एका विद्यार्थ्याने त्यांना आयटीतल्या तरुणासाठी केलेला विचारांच्या नोंदींचा तक्ता दिला. पुढच्या आठवड्यात ते तक्ता कोरा घेऊन आले. चष्म्याचा नंबर बदलला होता, ते त्यांना दिसतच नव्हते, आणि ‘पोराला वाईट वाटेल’ म्हणून ते बोलले नाहीत. मग आम्ही तिकिटाच्या हिशेबाच्या कागदासारखे, ‘वेबिल’सारखे दोन रकाने आखून दिले : अंथरुणावर कधी गेलो, उठलो कधी. तो कागद ते न चुकता भरून आणू लागले.

सर्वांत अवघड भाग कुटुंबाचा आहे. प्रश्न आजोबांना विचारावा आणि उत्तर मुलाने द्यावे, हे रोजचे आहे. आपला रुग्ण कोण, सोबत आलेला की ज्याला आणले तो? मुलाला बाहेर बसायला सांगणे आपल्या समाजात उद्धटपणाचे दिसते, पण आजोबांच्या दंडावरचे निळे डाग कशाचे हे मुलासमोर कळणार नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने उपचारांविषयीचे निर्णय घेण्याची क्षमता आणि पूर्वनिर्देश (पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवणे) या गोष्टी कायद्यात आणल्या. परंतु सुरुवातीच्या डिमेन्शियात एखादी बाई कोणता निर्णय घेऊ शकते आणि कोणता नाही, तिच्या नावावरच्या सात-बाऱ्यावर तिचा अंगठा घ्यायला आलेल्या नातलगांसमोर सायकॉलॉजिस्टने काय लिहावे, याचा सराव आम्ही कोणाकडून करून घेतलेला नाही. ज्या आई-वडिलांची मुले कॅलिफोर्नियात किंवा दुबईत आहेत, तिथे तर मुलगी व्हिडिओ कॉलवर, आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि खरी माहिती असलेली एकटी केअरटेकर बाई स्वयंपाकघरात, अशी तिहेरी मुलाखत घ्यावी लागते.

हे सगळे परिषदेच्या दारात आणण्यामागे एक विशेष कारण आहे. आपला व्यवसाय १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याखाली येतो, आणि म्हणून त्याचे सगळे मोजमाप अपंगत्वाच्या चौकटीत होते. वार्धक्य हे अपंगत्व नाही, ते असूही नये. पण त्यामुळे होते असे, की बुद्ध्यंकाचे प्रमाणपत्र देणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे मुख्य काम बनते आणि म्हातारा माणूस चौकटीबाहेर राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचे नाव आहे, डिमेन्शियाचे स्वतंत्र नाव नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, पण त्यातल्या बाह्यरुग्ण विभागांत जायला आमच्या विद्यार्थ्याला सांगणारे कोणी नाही. अपंगत्वाचे आणि आरोग्याचे ही दोन खाती एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांच्या मधल्या फटीत माझ्या आजी बसल्या आहेत.

‘म्हातारपणी स्वभाव बदलत नाही, थेरपीचा उपयोग काय,’ असे अजूनही आपल्याच बैठकांत ऐकू येते. या समजुतीला मोठा बाप आहे. फ्रॉइड यांनी १९०४ च्या एका व्याख्यानात म्हटले होते, की पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता संपते आणि म्हणून अशा माणसांवर मनोविश्लेषण लागू पडत नाही. तेव्हा ते स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत, त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, आपले विचार बदलत राहिले.

या समजुतीला उत्तर द्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. ते शेजारी गोव्यात दिले गेले आहे. सौम्य लक्षणे असलेल्या, पण पूर्ण नैराश्यात न गेलेल्या साठीपुढच्या १८१ जणांचा अभ्यास तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून केला गेला. प्रशिक्षित पण पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी त्यांना समस्या सोडवण्याची पद्धत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारांची काळजी कशी घ्यावी ते सांगितले आणि सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत केली. वर्षभरात या गटातील ४.४ टक्के लोकांना नैराश्याने गाठले; नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००८ मध्ये, डिमेन्शिया असलेल्यांच्या ८१ कुटुंबांवर गोव्यातच झालेल्या अभ्यासात घरी जाऊन सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झालेला दिसला. या कार्यकर्त्यांना कोणीतरी शिकवले, त्यांच्या कामावर कोणीतरी देखरेख ठेवली. महाराष्ट्रात असा कार्यक्रम उद्या आशाताईंमार्फत करायचा ठरला, तर त्या देखरेखीला बसणारी माणसे आपण घडवलेली आहेत का?

अमेरिकेतही हे आपोआप झाले नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बोल्डर, १९९२ मध्ये वॉशिंग्टन आणि २००६ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज अशा तीन परिषदा घेतल्या, तेव्हा कुठे वृद्धांसोबत काम करणाऱ्याला काय यावे लागते याचा एक मान्य आराखडा ‘पाइक्स पीक’ या नावाने तयार झाला. त्यातली एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते : पदवीपेक्षा काय करता येते याला महत्त्व आणि विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन स्वतः करण्याची सोय. बाकी बहुतेक गोष्टी, म्हणजे विमा, नर्सिंग होम, त्यांची कागदपत्रे, आपल्या उपयोगाच्या नाहीत.

संशोधनाबद्दल थोडे कडवट लिहावे लागेल. ‘वृद्धाश्रमातील व कुटुंबात राहणाऱ्या वृद्धांमधील एकाकीपणाचा तुलनात्मक अभ्यास’, इकडचे तीस, तिकडचे तीस, एक टी-मूल्य (दोन गटांतला फरक तपासणारा संख्याशास्त्रीय आकडा) आणि ‘लक्षणीय फरक आढळला’ : हा प्रबंध मी बहिःस्थ परीक्षक म्हणून इतक्या वेळा वाचला आहे, की शीर्षक पाहून निष्कर्ष सांगू शकते. दुसरीकडे, खऱ्या उपचारांवरचे जे प्रबंध येतात, त्यांत सहभागींच्या निकषांत ‘वय १८ ते ६०’ अशी ओळ डोळे झाकून टाकलेली असते. का साठ, याचे कारण एकाही विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत देता आलेले नाही. मार्गदर्शकांनाही नाही, हे मी आदरपूर्वक नमूद करते. आणि हाताशी मात्र काय काय पडलेले आहे! गावोगावची ज्येष्ठ नागरिक संघांची जाळी, त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ, नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालये, जिथे कितीतरी माणसे वॉर्डातच म्हातारी झाली आहेत. दहा विभागांनी मिळून एकाच चाचणीच्या प्रमाणकांसाठी पाच वर्षे प्रत्येकी थोडे थोडे प्रबंध द्यायचे ठरवले, तर वऱ्हाडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बोलींसह मराठीची प्रमाणके उभी राहतील, आणि विद्यार्थ्यालाही आपला प्रबंध कपाटात धूळ खात नाही याचे समाधान मिळेल. यासाठी वेगळा निधी फार लागत नाही. समन्वय लागतो, आणि तो आरोग्य विज्ञान विद्यापीठ करू शकते.

परिषदेकडे माझी मागणी मोजकी आहे. पदव्युत्तर स्तरावर किमान आठ आठवड्यांचे सक्तीचे पोस्टिंग वृद्धांसोबत असावे, आणि त्यात रुग्णालयाच्या वॉर्डाबरोबर गृहभेटीही असाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने साठीपुढच्या किमान तीन व्यक्तींवर संपूर्ण उपचार पर्यवेक्षणाखाली केल्याशिवाय त्याची लॉगबुक पूर्ण मानू नये, आणि त्यांतली एक व्यक्ती शाळेत न गेलेली असावी. शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना हे येत नाही. म्हणून आधीच नोंदणीकृत असलेल्यांसाठी सीआरईच्या, म्हणजे नोंदणीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाच्या, गुणांपैकी काही भाग या विषयासाठी राखून ठेवावा, आणि जिथे मानसशास्त्राचा पर्यवेक्षक नाही तिथे वृद्धरोगतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांच्यासोबत संयुक्त पर्यवेक्षण पहिली काही वर्षे मान्य करावे. वेळापत्रकात जागा नाही, असे उत्तर मला अपेक्षित आहे. एका विद्यार्थ्याने दोन वर्षांत शाईच्या डागांच्या चाचणीच्या गुणांकनावर घालवलेले तास मी एकदा मोजले होते. जागा निघते.

आमच्या विभागात दर गुरुवारी सकाळी साठीपुढच्या रुग्णांसाठी ओपीडी चालते. तिथे वापरत असलेल्या आठ आठवड्यांच्या पोस्टिंगचा कच्चा आराखडा, गृहभेटीचा नमुना अर्ज आणि मोठ्या अक्षरांतले मराठी गृहपाठाचे कागद मी या पत्रासोबत तिन्ही कार्यालयांना टपालाने पाठवत आहे. त्यांत चुका असतील, त्या काढून परत पाठवाव्यात. अभ्यास मंडळातील कोणाला एखाद्या गुरुवारी येऊन बसायचे असेल, तर आधी कळवण्याचीही गरज नाही. सव्वा नऊपर्यंत यावे; पहिली एसटी नऊला येते आणि लांबच्या गावांतली माणसे तिने येतात.

आपली विश्वासू,
पश्चिम महाराष्ट्रातील एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ